मु. पो. १९२.१६८.१.७

रत्नागिरीत पत्ता विचारणाऱ्याने हाताशी वेळ ठेवावा. सुरुवात मारुती मंदिरापासून होते, पुढे साळवी स्टॉपला नाहीतर गोखले नाक्याला फाटा फुटतो, आणि मध्येच कुठेतरी ‘पूर्वी कलम होतं तिथून डावीकडे’ वळायचं असतं. ते कलम पडून जमाना झाला, पण पत्त्यातून काही ते हललेलं नाही. सांगणारा पत्ता सांगता सांगता त्या घरातल्या थोरल्याचं लग्न कुठे झालं, धाकट्याने दुकान का बंद केलं इथपर्यंत येतो, आणि शेवटी ‘पण ते आत्ता घरी नसतील’ असं म्हणून तुमचा प्रश्नच निकालात काढतो.

पिनकोड देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. पत्ता सहा आकड्यांत संपवता येईल ही कल्पना सुचायला माणूस रत्नागिरीकडचा आणि वैतागलेलाच हवा. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला आणि ४१५६१२ हा आकडा शहराच्या वाट्याला आला. आमच्या आळीतल्या पोस्टमनला मात्र तो वाचायची गरज पडली नाही. तो पाकिटावरच्या अक्षरावरून पाठवणारा ओळखायचा आणि पाठवणाऱ्यावरून घेणारा.

ह्या गावात न मागता पत्ता मिळालेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५मध्ये मंडाले घेतलं आणि १८८६मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा मिळायला १९१० उजाडलं. तोवर सरकारने दाखवलेल्या बंगल्यांत दिवस काढले. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६मध्ये तो गेला. आज त्या भागातला प्रत्येक जण घराचा पत्ता ‘थिबा राजवाड्याजवळ’ असा देतो. बाहेरून आणून बसवलेला माणूसही एकदा इथल्या पत्त्यात शिरला की शंभर वर्षं निघत नाही.

अशा गावात, घरातल्या संगणकाला रोज उठून ‘मी राहतो कुठे?’ असं विचारावं लागतं, हे कोणाला समजावून सांगणार?

मला ते आमच्या काकांना समजवावं लागलं. काका निवृत्त तलाठी. घरातला संगणक तसा थोराड. त्याच्या जुन्या प्रणालीची नवी आवृत्ती आली तेव्हा तिने वयाचं कारण सांगून त्याला दारातूनच परत पाठवलं, म्हणून त्यात डेबियन लिनक्स बसवायला घेतलं. घरात कुठलंही यंत्र उघडलं की काका खुर्ची ओढून शेजारी बसतात. बोलत नाहीत. सरकारी मोजणीला आलेल्या माणसाकडे शेतकरी जसा बघतो तसे बघत राहतात.

युनिक्सच्या घराण्यात इंटरनेटचा पत्ता लावण्याचं काम फार छोटं असतं. एका फाइलीत दोन ओळी लिहायच्या: अमुक जोडणी आपोआप सुरू कर, आणि तिचा पत्ता डीएचसीपीकडून, म्हणजे मागेल त्याला पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेकडून घे. फ्रीबीएसडी असेल तर एकच ओळ पुरते. जोडणीचं नाव तेवढं बरोबर लिहावं लागतं. पूर्वी तारेच्या जोडणीला ‘ईथ०’ म्हणत. हल्ली ‘ईएनपी३एस०’ असलं काहीतरी म्हणतात, आणि ते संगणकातल्या खाचेच्या क्रमांकावरून ठरतं.

“जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर,” काका म्हणाले. मी चमकून पाहिलं. माझ्या पुण्यातल्या इंजिनियर भाच्याला ही गोष्ट समजावताना माझी संध्याकाळ गेली होती.

मग टर्मिनलवर डीएचक्लायंट ह्या पत्ता मागणाऱ्या कार्यक्रमाला हाक मारली आणि ‘काय करतोस ते बोलून दाखव’ अशी खूण दिली. पडद्यावर पहिली ओळ उमटली: डीएचसीपीडिस्कव्हर, मुक्काम २५५.२५५.२५५.२५५, पोर्ट ६७.

“हा कोणाला हाक मारतोय?”

“सगळ्यांना. इथे कोण कोण आहे ते त्याला अजून ठाऊक नाही.”

“आणि स्वतःचा पत्ता काय सांगतोय?”

“शून्य, शून्य, शून्य, शून्य.”

“म्हणजे भूमिहीन,” काका म्हणाले, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

दुसऱ्या ओळीत राउटरचं उत्तर आलं: १९२.१६८.१.७ हा पत्ता मोकळा आहे, हवा तर घे. तिसऱ्या ओळीत संगणकाने तोच पत्ता रीतसर मागितला. हा अर्जही तो सगळ्यांना ऐकू जाईल असा करतो, कारण दुसऱ्या कोणी पत्ता देऊ केला असेल तर त्याला आपला नाकारला गेल्याचं कळावं. चौथ्या ओळीत राउटरने मंजुरी दिली. चारही ओळी काकांनी चष्मा लावून वाचल्या.

“अर्ज, चौकशी, मंजुरी. फेरफारच हा. आम्हाला ह्याला महिना लागायचा रे. पंधरा दिवस तर नुसती नोटीस चावडीवर लावून ठेवायची, कोणाची हरकत असली तर यावी म्हणून. इथे हरकतीचं काय?”

हरकतीची सोय आहे. पत्ता हातात आल्यावर शहाणा संगणक तो वापरायच्या आधी शेजारीपाजारी विचारतो, की बाबांनो, हा पत्ता तुमच्यापैकी कोणाकडे आहे का? कोणी ‘माझ्याकडे आहे’ म्हणालं तर तो राउटरला कळवतो, की हा पत्ता नको, दुसरा दे.

“म्हणजे कब्जा कोणाचा ते जागेवर जाऊन बघतो,” काका म्हणाले. “आमच्यातले बरेच जण घरबसल्या लिहायचे.”

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी म्हणालो, की हा पत्ता त्याला चोवीस तासांसाठी मिळालाय. पट्ट्याने.

काका उठून उभे राहिले.

ते का उठले हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला १९४८मध्ये. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने खोती गेली. आणि १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कसणारं कूळ हे जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. ह्या तीन तारखांवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत अजूनही जेवताना बोलणं निघतं, आणि उरलेल्या निम्म्या घरांत तेच बोलणं उलट बाजूने निघतं. कायदा न्यायाचाच होता. आमच्या घरात हे मोठ्याने म्हणायला मात्र आजोबा जाईपर्यंत थांबावं लागलं. काकांची नोकरीतली उमेदीची वर्षं कलम ३२-ग खाली जमिनीच्या किमती ठरवणाऱ्या चौकश्यांची कागदपत्रं वाहण्यात गेली. त्यामुळे मुदतीच्या बोलीवर कोणी कोणाला काही दिलं की त्यांचा उजवा हात आपोआप पेन शोधायला लागतो.

“चोवीस तासांच्या बोलीवर आलेलं कूळ चोविसाव्या तासाला उठतं, असं तुला कोणी सांगितलं? एका पावसाळ्यापुरता गोठा दिला होता, त्या जागेवर आज दुमजली घर उभं आहे, दाखवू? सावरकरांना सरकारने पाच वर्षांच्या बोलीवर इथे ठेवलं. १९२४ला आले, सुटले केव्हा? १९३७ला. ह्या गावात मुदत म्हणजे मुदतवाढ.”

मी त्यांना खाली बसवलं आणि पट्ट्याचे नियम सांगितले. निम्मी मुदत सरली, म्हणजे बारा तास झाले, की संगणक ज्याने पत्ता दिला त्या राउटरला गुपचूप विचारतो, वाढवून देता का? बहुतेक वेळा तो हो म्हणतो आणि पुन्हा नवे चोवीस तास सुरू होतात. तो बोललाच नाही तर साडेसत्याऐंशी टक्के मुदत संपेपर्यंत, म्हणजे एकविसाव्या तासापर्यंत, अधूनमधून त्यालाच विचारत राहतो. तिथून पुढे मात्र सगळ्या गावाला ओरडून विचारतो, कोणी तरी वाढवून द्या. तरीही कोणी बोललं नाही आणि चोवीस तास भरले, तर पत्ता सोडतो.

“स्वतःहून?”

“स्वतःहून.”

“कोर्टात न जाता?”

“लगेच. चालू असलेलं काम अर्धवट टाकून.”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “इतकं सज्जन कूळ सबंध नोकरीत पाहिलं नाही. दप्तर दाखव.”

दप्तर आहे. ‘व्हार’च्या पोटात ‘लिब’, त्याच्या पोटात ‘डीएचसीपी’, आणि तिथे डीएचक्लायंटची पट्ट्यांची फाइल. प्रत्येक पट्ट्याची नोंद एका महिरपी कंसात: जोडणी कोणती, पत्ता कोणता, देणारा कोण, मुदतवाढ कधी मागायची, गावाला कधी विचारायचं, संपतो कधी. नवी नोंद जुनीच्या खाली येते, जुनी लगेच खोडली जात नाही. काकांना हे एकदम मान्य झालं. गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही, असंच चालतं. मात्र वेळा वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ही नोंद साडेपाच तास मागची आहे. कुठे बसून लिहिली?”

“ग्रिनिचच्या वेळेने लिहितात, काका.”

“तहसील तिकडे आहे काय?”

त्यांना हेही सांगितलं, की हे दप्तर लिहिणारा डीएचक्लायंट आता स्वतःच निवृत्त झालाय. तो बनवणाऱ्या इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियमने २०२२मध्ये त्याची देखभाल थांबवली आणि नव्या घरांत ते काम डीएचसीपीसीडी, नेटवर्कमॅनेजर अशी तरणी मंडळी करतात. निवृत्त झाल्यावरही कोणी काम सांगितलं की तो करतो, हे ऐकून काकांनी पडद्याकडे आपुलकीने पाहिलं.

पूर्वी हे मुदतीचं लचांड नव्हतं. इंटरनेटच्या पहिल्या पिढीत पत्ते मागून घ्यायचे आणि यंत्रात हाताने लिहायचे असत, आणि वाटलेल्या आकड्यांची वही अनेक वर्षं जॉन पोस्टेल नावाचा एक दाढीवाला गृहस्थ कॅलिफोर्नियात बसून सांभाळत असे. (“एकटा? त्याच्या हाताखालचा सजा केवढा असेल!” इति काका.) यंत्रं वाढली तशी ही हातवाटणी अशक्य झाली. १९८५मध्ये बूटपी नावाची पद्धत निघाली, पण तिच्यात कोणत्या यंत्राला कोणता पत्ता हे आधी लिहून ठेवावं लागे. १९९३मध्ये बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रॉम्स ह्यांच्या नावाने डीएचसीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि मार्च १९९७मधल्या आरएफसी २१३१ ह्या सुधारित मसुद्यावर आजही जग चालतं. मुदत ही त्यातली खरी युक्ती. येणाऱ्याचं स्वागत करायला सगळेच तयार असतात; गेलेला माणूस गेला हे कळवायला कोणी येत नाही. म्हणून प्रत्येकाने अधूनमधून ‘मी अजून आहे’ असं सांगत राहायचं, आणि सांगणं थांबलं की पत्ता आपसूक मोकळा. आमच्याकडे सात-बारावर चार पिढ्यांपूर्वी वारलेल्यांची नावं अजून चालू आहेत, ती ह्या एका कलमाअभावी.

पण काकांना खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. मी बोलता बोलता म्हणून गेलो, की १९२.१६८.१.७ हा पत्ता काही फक्त आपलाच नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे नाचण्यात कोणाकडे असेल, मिऱ्यावर असेल, टोकियोतही असेल. घरातल्या वापरासाठी काही पत्ते सगळ्या जगाला मोकळे ठेवलेत. १९२.१६८ने सुरू होणारे त्यातलेच.”

“एकच सर्व्हे नंबर लाखो लोकांना?”

मी त्यांना हिशेब सांगितला. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. ठरवलं तेव्हा ते कधी संपणार नाहीत असं वाटलं होतं. ३ फेब्रुवारी २०११ला मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. म्हणून घरात हे खासगी आकडे वापरायचे, आणि बाहेर जाताना राउटरने सगळ्यांच्या वतीने आपला एकच पत्ता पुढे करायचा. काकांनी ऐकून घेतलं, पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. काकूंनी मला विचारलं, “काय रे, ह्यांना काय दाखवलंस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर रेघा मारल्या. रकाने पाच: अनुक्रमांक, यंत्र, कारखान्याचा क्रमांक, पत्ता, शेरा. प्रत्येक जोडणीला कारखान्यात ४८ बिटांचा एक क्रमांक चिकटवलेला असतो आणि राउटर त्यावरूनच कूळ ओळखतो, हे कळल्यावर तर त्यांना हुरूपच आला. राउटरच्या पानावर शिरून ते रोज सकाळी पाहणी करू लागले. काकूंच्या फोनपुढे ‘स्वयंपाकघर’, टीव्हीपुढे ‘माजघर’, माझ्या संगणकापुढे ‘भूमिहीन, पण सज्जन’ असा शेरा.

एका दुपारी वीज गेलेली होती. संगणक इन्व्हर्टरवर आणि राउटर ओटीवरच्या साध्या प्लगवर. संगणक सुरू केला, तर त्याने हाका मारल्या, मारल्या, दप्तरातला जुना पट्टा काढून तो चालतो का तेही बघितलं, आणि मग इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की चालण्याजोगा एकही पट्टा दप्तरी नाही, झोपतो. ही ओळ त्या कार्यक्रमात अशीच आहे, मी घातलेली नाही. घड्याळात दोन वाजले होते. बाजारपेठेतली निम्मी शटरं खाली होती, काकूंनी पदर डोळ्यांवर घेतला होता, आणि अमेरिकेत लिहिलेल्या एका कार्यक्रमाला रत्नागिरीची वेळ बरोबर कळली होती. काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि तेही आडवे झाले.

घरातला जुना लॅपटॉप मात्र झोपणाऱ्यांतला नाही. उत्तर आलं नाही की तो १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच ठरवतो आणि त्यावर बसून राहतो. इंटरनेट मिळत नाही, पण पत्ता नाही असं म्हणायची वेळ येत नाही. अशा यंत्रांसाठी तेवढी एक पट्टी नियमाने राखून ठेवलेली आहे, आणि बसायच्या आधी ‘इथे कोणी आहे का’ असं त्यालाही विचारावं लागतं.

“विचारून अतिक्रमण!” काका हरखून म्हणाले. वहीच्या मागच्या बाजूने त्यांनी नवीन पान सुरू केलं: नमुना १-ई, अतिक्रमणांची नोंद. त्यात अजून हा एकच लॅपटॉप आहे.

गणपती आले आणि व्यवस्थेची परीक्षा झाली. मुंबई-पुण्याहून सगळे भाऊबंद उतरले. माणशी एक फोन, पोरांच्या हातात टॅब, आणि एका जावईबापूंच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा उंबरठा ओलांडताच पत्ता मागायला लागलं. काका ओटीवर वही घेऊन बसले. जावईबापूंच्या फोनचा क्रमांक त्यांनी फोनच्या खोक्यावर एक वाचला आणि राउटरच्या पानावर दुसराच. हल्लीचे फोन खरा क्रमांक लपवून प्रत्येक घरी वेगळाच बनवून सांगतात, पाळत चुकवायला. काकांनी जावयाकडे न बघता शेऱ्यात ‘बेनामी’ लिहिलं.

आमच्या राउटरमध्ये दोनपासून पन्नासपर्यंतचे पत्तेच वाटायला काढलेले होते. घरच्यांना ते पुरले असते. पण संध्याकाळी जाखडीवाले येऊन गेले. ओटीवरच्या भिंतीवर पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहिलेला, कारण तो दर अर्ध्या तासाला कोणी ना कोणी विचारायचं. नाच झाला, प्रसाद झाला, मंडळी पुढच्या घरी गेली, पण त्यांच्या फोनांचे पत्ते चोवीस तासांच्या बोलीने इथेच राहिले. रात्री आत्या आली तिच्या फोनला पत्ता मिळेना. ओटीवर माणूस नाही आणि जागा शिल्लक नाही. उपाय एवढाच होता, की सणापुरती मुदत एक तासावर आणायची.

“तासाभराचं कूळ,” काका पुटपुटले. पण आत्याचा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच हात हलवला.

ह्यात पुण्याच्या भाच्याने भर घातली. माजघरात रेंज येत नाही म्हणून त्याने स्वतःचा राउटर आणून तारेला जोडला. तोही पत्ते वाटायला लागला, १९२.१६८.०ने सुरू होणारे. हाक ऐकून जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता, ह्या न्यायाने निम्मं घर एका गावात आणि निम्मं दुसऱ्या गावात गेलं. आरती चालू असताना दुसऱ्या गावातल्यांचं इंटरनेट बंद. इंजिनियर भाचा तारा तपासत बसला. काकांनी वही बघून नुसतं विचारलं, “हे शून्यवाले कोणाच्या सजातले?” भाच्याने राउटरमधलं पत्तेवाटप बंद केलं आणि काकांकडे नव्या आदराने पाहिलं. एका सजात दोन तलाठी बसले की काय होतं ते काकांना चांगलं ठाऊक होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या वर्षी त्यांनी ते भोगलेलं होतं, पण ती हकिगत ते पूर्ण सांगत नाहीत.

प्रिंटरचं प्रकरण त्यानंतरचं. काकांना वाटलं, प्रिंटर कुठे जातो-येतो? तो भिंतीत खिळल्यासारखा असतो, त्याला कसली मुदत? म्हणून त्यांनी प्रिंटरच्या बटणांवरूनच त्याला १९२.१६८.१.२० हा पत्ता कायमचा लिहून टाकला आणि वहीत तांबड्या शाईने नोंद केली. राउटरला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याने यथावकाश तोच वीस नंबर काकूंच्या मैत्रिणीच्या फोनला दिला. झालं! प्रिंट काढायला गेलं की कागद कधी निघे, कधी न निघे, आणि त्या बाई आल्या की हमखास न निघे. काकूंनी ह्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

दुबार नोंद सापडल्यावर मी काकांना राउटरमधली सोय दाखवली. अमुक कारखान्याच्या क्रमांकाचं यंत्र आलं की त्याला हाच पत्ता, दुसऱ्या कोणाला तो द्यायचा नाही. मुदत चालू राहते, वाढवून मागणंही चालू राहतं, पण पत्ता बदलत नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

“संरक्षित कूळ!” ते म्हणाले. “आधीच सांगायचं नाही का?”

त्या दिवसापासून घरातली सगळी यंत्रं संरक्षित आहेत. लिनक्सचा संगणक, टीव्ही, प्रिंटर, काकूंचा फोन. पट्टा वाढवून मागण्याचा विधी ती अजून रोज करतात. काका त्याला हरकत घेत नाहीत, कागद चालता राहिला पाहिजे.

खरी पंचाईत झाली ती डोंबिवलीच्या थोरल्या चुलतभावाने. परसातल्या कलमांवर कॅमेरा बसवून तो आंब्याच्या दिवसांत त्याला डोंबिवलीतून बघायचा होता. त्यासाठी घराचा बाहेरचा पत्ता हवा, आणि तो तर इंटरनेट देणारी कंपनी बदलत राहते. ह्यावर युनिक्सवाल्यांनी जुना तोडगा काढून ठेवलाय, त्याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. घराला एक नाव घ्यायचं. संगणकात डीडीक्लायंटसारखा एक छोटा कार्यक्रम ठेवायचा. पत्ता बदलला की तो नावांच्या नोंदवहीत जाऊन कळवतो, की ह्या नावाचं घर आता इथे आहे. बाहेरच्याने फक्त नाव लक्षात ठेवायचं. काकांना हे फारच पटलं. रत्नागिरीत नावावर माणूस सापडतो, नंबरावर नाही, हे ते आयुष्यभर सांगत आलेत.

सगळं जुळवलं आणि डोंबिवलीत काही दिसेना. राउटरचा बाहेरचा पत्ता उघडून पाहिला तर तो १००.६४ने सुरू होणारा. हाही खासगीच. २०१२मध्ये ही पट्टी इंटरनेट देणाऱ्यांना मुद्दाम काढून दिली, कारण त्यांच्याकडेही पत्ते पुरेनात. आता शेकडो घरांच्या मिळून एकाच खऱ्या पत्त्यावर काम चालतं आणि बाहेरून येणाऱ्याला आपलं घर वेगळं ओळखता येत नाही.

“थांब,” काका म्हणाले. “म्हणजे हा राउटर मालक नव्हेच?”

“नाही.”

“हाही कूळ. आणि आपण?”

मी काही बोललो नाही.

“पोटकुळं,” काका म्हणाले, आणि राउटरकडे त्यांनी इतके दिवस ठेवलेला आदर त्याच क्षणी कमी झाला. तोवर ते त्याच्याशी बोलताना ‘हे’ म्हणत, त्यानंतर ‘हा’ म्हणू लागले.

चुलतभावाने शेवटी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या ॲपवर काम भागवलं. चित्र परसातून निघतं, कुठल्या तरी दूरदेशीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून डोंबिवलीला येतं. मार्चमध्ये त्याचा घाईघाईने फोन आला, “काका, तिसऱ्या कलमावर वानर चढलंय!” काका तेव्हा त्याच कलमाखाली काठी घेऊन उभे होते. चित्रात ते दिसत होते की नाही, हे त्यांनी विचारलं. दिसत होते म्हणे, पण थोडे उशिरा.

आता राहिला पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीचा विषय. आयपीव्ही६ आपल्याकडे मोबाइलवर केव्हाच पोचलंय, आणि परवा राउटरच्या पानावर त्याच्याही ओळी दिसू लागल्या. ह्यात पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते मोजायचे तर ३४वर ३७ शून्यं द्यावी लागतात. एकेका घराला जो किमान तुकडा देतात त्यातच १८वर १८ शून्यं एवढे पत्ते बसतात. संगणकाला राउटर फक्त तुकड्याची हद्द सांगतो, पुढचा आकडा त्याचा तो ठरवतो. ना अर्ज, ना मंजुरी. इतकंच काय, खासगीपणासाठी तो तात्पुरता म्हणून एक आकडा घेतो आणि दिवसाभराने टाकून दुसरा घेतो, मूळ जागा हाताशी असताना.

काकांनी सगळं ऐकलं. शून्यं मोजून घेतली. इतक्या जमिनीला मोजणी फी किती होईल ह्याचा अंदाज कागदाच्या कडेला काढून पाहिला आणि खोडला. मग वहीचं नवं पान उघडलं, तारीख घातली, आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

“क्षेत्र अमर्याद. पोटहिस्से पडलेले नाहीत. कब्जेदार रोज बदलतो, स्वतःहून. पाहणी पावसाळ्यानंतर करावी.”

खाली सही केली, आणि शिक्का नव्हता म्हणून औषधाच्या बाटलीचं झाकण शाईत बुडवून उमटवलं.